म्हैस हलली असेल

माझं इंग्रजी कम्प्युटरने दाखवलेल्या चुकांमधून आलेलं आहे. त्यामुळे इंग्रजीत मला कुणाचे आभार मानता येत नाहीत, कुणाला शुभेच्छा देता येत नाहीत. 'फाइल सापडली नाही' आणि 'परवानगी नाकारली' एवढं मात्र मी झोपेतही अस्खलित बोलते. शाळा नववीनंतर सुटली. सुटली म्हणजे मी सोडली. जाऊ नको म्हणून शाळेने हात धरल्याचं मला तरी आठवत नाही.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, धानाच्या बांध्यांच्या मधोमध. तिथून नगरला पोचायला दोन गाड्या आणि दोन उलट्या लागतात. गावच्या दोघीजणींबरोबर मी सुप्याच्या एमआयडीसीत आले, पॅकिंगच्या लाइनवर. त्या दोघी वर्षाच्या आत परत गेल्या. मी राहिले, कारण परतीच्या वाटेवरही दोन उलट्या होत्याच.

लाइनच्या शेवटी एक वजनकाटा होता आणि तो वेडा होता. वर काही नसताना दोन ग्रॅम, पाच ग्रॅम असं स्वतःशीच बडबडायचा. दुरुस्तीला नगरहून एक बाई यायच्या. डोक्यावर ओढणी, हातात स्क्रू-ड्रायव्हर. सगळे त्यांना बाजी, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचे म्हणून मीही म्हणायचे. त्या तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी भीत भीत म्हटलं, "बाजी, तो वरच्या पंख्याच्या वाऱ्याने हलत असंल." त्यांनी पंखा बंद केला. काटा शून्यावर जाऊन गप्प बसला. बाजींनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "आमच्याकडे येशील का कामाला?" मी रडायला लागले. मला वाटलं, कामावरून काढून टाकतायत.

या गोष्टीला सात वर्षं झाली. बाजींच्या घरी पिढ्यान् पिढ्या काट्यांचंच काम. आजोबा तराजू करायचे, वडील काटे दुरुस्त करायचे, आणि बाजी इंजिनियर झाल्या म्हणून त्यांनी काट्याला कम्प्युटर जोडला. त्यांचा एक छोटासा प्रोग्राम आहे. दूध संकलन केंद्रावर किटली काट्यावर ठेवली की आकडा सरळ कम्प्युटरमध्ये जातो, मधे कुणाचं बोट लागत नाही. हा प्रोग्राम बाजींनी इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडा ठेवला. कुणीही या, वाचा, तपासा, फुकट न्या. कारण आमच्या धंद्यात काट्यावर कुणाचा विश्वास नसतो. शेतकरी एक वेळ जावयावर विश्वास ठेवील, पण डेअरीच्या काट्यावर नाही.

हळूहळू तो प्रोग्राम माझ्या हातात आला. आधी मी नुसती वायर धरायचे, मग बाजी सांगतील ते टाइप करायचे, मग न सांगता टाइप करायला लागले, आणि एक दिवस बाजी म्हणाल्या, "आता किल्ली तुझ्याकडेच राहू दे." इतकी मोठी किल्ली मला घरच्यांनी धान्याच्या कोठीचीही दिली नव्हती.

आता इथे थोडं समजावून सांगते, कारण पुढे जे झालं ते याशिवाय कळायचं नाही.

प्रोग्राम लिहिणारी माणसं प्रत्येक बदलाची नोंद ठेवतात. काय बदललं, कुणी, कधी, आणि शेजारी एक ओळ, का बदललं. या नोंदींची वही सांभाळणाऱ्या हत्याराला गिट म्हणतात. वहीतल्या प्रत्येक नोंदीला आकडे-अक्षरांचा एक लांबलचक ठसा असतो, आणि गंमत अशी की प्रत्येक ठशात आधीच्या नोंदीचा ठसा मिसळलेला असतो. विरजणासारखं. आजचं दही कालच्या दह्याचं, कालचं परवाच्या दह्याचं. तुम्ही चार वर्षांपूर्वीच्या एका दिवसाचं विरजण बदललंत, तर तिथून पुढचं आजपर्यंतचं सगळं दही वेगळं झालं. दिसायला तेच, पांढरंच. पण ते नव्हे.

प्रोग्राम जरा पक्का झाला की त्या नोंदीवर झेंडी लावायची, अमुक आवृत्ती म्हणून. त्या झेंडीपाशी जो माल आहे त्याचं गाठोडं होतं, त्याला पॅकेज म्हणतात. जगात कुणीही ते गाठोडं नेतो आणि आपल्याजवळ गाठोड्याचा ठसा लिहून ठेवतो. पुढच्या वेळी उघडताना आधी ठसा जुळवायचा, मग गाठ सोडायची. नाही जुळला तर समजायचं, वाटेत कुणीतरी हात घातलाय. आमचं गाठोडं नगर जिल्ह्यातली बरीच केंद्रं वापरतात, आणि परदेशातला एक अनोळखी बाबा मध तोलायला वापरतो. तो कोण, कुठला, माहीत नाही. कधीतरी इंग्रजीत तक्रार लिहितो, म्हणून मला तो फार जवळचा वाटतो.

आता माझ्या नोंदी. त्या कुणी वाचील असं मला कधी वाटलंच नव्हतं. सगळे 'वाचनाची गती सुधारली' असं काहीतरी इंग्रजीत लिहितात. मी लिहायचे, मनात येईल ते, मराठीत. पहिलीच नोंद अशी: 'वजन येतंय. का येतंय माहीत नाही. कुणी हात लावू नका.' त्यानंतरची: 'हात लावला. वजन गेलं.' मग: 'बाजी रागावल्या, बरोबरच आहे.' एके ठिकाणी: 'आईचा फोन आला होता, त्यामुळे उणे चिन्ह राहून गेलं.' आणि एक प्रसिद्ध नोंद, जिच्यामुळे हे सगळं लिहितेय: 'सोनईला पंधरा ग्रॅम कुठून येतात देव जाणे. म्हैस हलली असेल.'

शनिवारी बाजी म्हणाल्या, "सोमवारी देवळाली प्रवराला जायचंय मला. तिथला दूध संघ आपलं सॉफ्टवेअर सगळ्या केंद्रांवर घेणार म्हणतो. पण तिथले सचिव रिटायर्ड तलाठी आहेत. म्हणाले, नुसतं मशीन नको, पहिल्यापासूनचं रेकॉर्ड दाखवा. कोणी काय बदललं, का बदललं. सभासदांसमोर वाचणार."

"सगळं?" मी विचारलं.

"सगळं. उघडंच तर आहे."

बाजी चहा प्यायला गेल्या. डोळ्यांसमोर एक मोठी खोली आली. खुर्चीत एक तलाठी, समोर टोप्या आणि धोतरं, आणि तलाठी मोठ्याने वाचतोय: 'वजन येतंय. का येतंय माहीत नाही.' बाजींनी इतकी वर्षं लपवून ठेवलेली गोष्ट उघडी पडणार, की यांचं सॉफ्टवेअर एक नववी सुटलेली बाई लिहिते. खरं तर बाजींनी ते कधीच लपवलं नव्हतं. लपवत मीच होते.

रविवारी दुपारी मी एकटीच दुकानात बसले आणि इतिहास धुवायला घेतला.

गिटमध्ये हे करता येतं. मागे जाऊन एकेक नोंद उघडायची, ओळ बदलायची, बंद करायची. मी सगळं सभ्य इंग्रजीत केलं. इंग्रजी येत नसलं तरी दुसऱ्यांच्या नोंदींमधून उचललं. 'वजन येतंय, का येतंय माहीत नाही' याचं झालं, 'प्रारंभिक अंमलबजावणी.' 'हात लावला, वजन गेलं' याचं झालं, 'किरकोळ सुधारणा.' 'बाजी रागावल्या' याचंही 'किरकोळ सुधारणा.' म्हशीचं केलं, 'स्थिरता वाढवली.' प्रोग्रामच्या पोटात मधेमधे मराठीत शेरे मारले होते तेही पुसले. शेवटी जुन्या झेंड्या उपटून नव्या नोंदींवर रोवल्या, म्हणजे बाहेरच्याला कळायला नको.

वर चढवायला गेले तर गिट नाही म्हणालं. तुमची वही आणि वरची वही जुळत नाही, म्हणालं. त्यावर उपाय आहे. हुकुमाच्या शेवटी इंग्रजीत 'फोर्स' लिहायचं. जबरदस्ती. नववी सुटलेल्या बाईलाही कळावा असा शब्द. मी लिहिला.

एवढ्यावर थांबायचं तर तेही नाही. घर सारवायचं तर कोपरेसुद्धा, ही आमच्याकडची रीत. माझ्या कम्प्युटरवरची जुनी वही पुसली, कचऱ्याची टोपली रिकामी केली, नवी वही उतरवून घेतली. मग आईला फोन करून सांगितलं, "आज लई साफसफाई केली." आई म्हणाली, "नगरवाल्यांसारखी बोलायले लागली वं तू."

सोमवारी बाजी सकाळीच देवळालीला गेल्या. दहाच्या सुमारास मधवाल्या बाबाचा निरोप आला. इंग्रजीत, पण चुकांचं इंग्रजी होतं म्हणून लगेच समजलं: 'तुमचं खातं चोरीला गेलं आहे का?' मी म्हटलं, याला काय झालं सकाळी सकाळी. तेवढ्यात बाजींचा फोन.

"अगं, इन्स्टॉल होईना. लाल अक्षरं येतायत. ठसा जुळत नाही, पॅकेज बदललेलं आहे, वापरू नका. तू काही केलंस का?"

"न्‍नाही," मी म्हणाले. सात वर्षांत बाजींशी बोललेलं हे पहिलं सरळ खोटं.

मागून खोलीचा आवाज येत होता. कुणीतरी म्हणालं, "म्हंजे माल बदललाय व्हय?" दुसरा म्हणाला, "भेसळ हाय, दुसरं काय!" आणि ह्यावर बरेच जण एकदम बोलायला लागले.

दूध संघाच्या खोलीत हा शब्द काय असतो ते नगर जिल्ह्यात राहिल्याशिवाय कळायचं नाही. माणूस चोर निघाला तर त्याला परत निवडणुकीला उभं करतात. भेसळवाला निघाला तर त्याच्या घरचा चहासुद्धा कुणी पीत नाही. बाजींच्या आजोबांपासून या घराची एकच कमाई होती, की यांच्या काट्यात खोट नाही. आणि मी रविवारी दुपारी ती सारवून टाकली होती.

"बाजी," मी म्हटलं, "तपासणी बंद करून टाका ना. एक शब्द लिहिला की ठसा बघतच नाही तो."

बाजी हळू आवाजात म्हणाल्या, "खोली भरलीय इथं. दूधवाल्यांसमोर तपासणी बंद करू? शुद्धीवर आहेस ना?"

मग मी सांगितलं. सगळं, एका दमात, रडत. नोंदी बदलल्या, झेंड्या हलवल्या, शेरे पुसले, जुनी वही पुसली, टोपली रिकामी केली. वजनाला हात लावलेला नाही, आकडे तेच आहेत, फक्त आपलं... आपलं अज्ञान पुसलं.

मला वाटलं मी बाजींशी बोलतेय. फोन स्पीकरवर होता.

एक नवा आवाज आला. जाड, सावकाश. "ताई, मी सचिव बोलतोय." त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, तलाठ्याला इकडे भाऊसाहेबच म्हणतात, रिटायर झाला तरी. "म्हंजे जुनी नोंद खोडली तुमी?"

"हो."

"फेरफार न टाकता?"

"म्हणजे?"

"म्हंजे असं बघा. सातबाऱ्यावर माझ्या बापाचं नाव हाय. बाप गेला, माझं लागलं. तर बापाचं नाव खोडत न्हाईत. कंस करतात त्याला. शेजारी फेरफार नंबर, खाली माझं. उद्या कुनी भांडाय आला तर कंसातला बाप दाखवता येतो. तुमी काय केलं? बापच न्हवता म्हनलं."

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. मी म्हणाले, "चुकलं भाऊसाहेब."

"चुकलं तर चुकलं. चूक बी कंसात बसती. पन आता ऐका. बाईंनी महिन्यामागं मला ह्या पॅकेजचा ठसा कागदावर छापून दिलाय, तो मी रजिस्टरला चिकटवलाय. संध्याकाळचं दूध यायच्या आत ह्या कागदाशी जुळनारा माल दाखवा. न्हाई जुळला तर आमी बाईंना रामराम करू. आन् खोडलं कुनी त्यानं सही कराय हितं यायचं. सोता."

फोन ठेवला आणि बसले. आता जुनं दही कुठून आणायचं? बाजींचा लॅपटॉप नवा, त्यात नुसतं इन्स्टॉल करायचं सामान. वही तीन वर्षांपासून माझ्याकडे, आणि माझ्याकडची मीच सारवलेली. त्याच ओळी पुन्हा हाताने टाइप केल्या तरी ठसा तोच येणार नाही. त्यात तारीख-वेळ, सेकंदासकट मिसळलेली असते. खोटं दही कितीही गोड लावा, विरजण ओळखू येतं.

मग म्हैस आठवली.

गेल्या मंगळवारी मी सोनईच्या केंद्रावर गेले होते. तिथे काटा परत बडबडत होता, म्हणून तिथल्याच कम्प्युटरवर मी पूर्ण वही उतरवून घेतली होती आणि तिथेच तपासणी केली होती. बदल काही केला नव्हता, त्यानंतरही कुठे काही केलं नव्हतं. म्हणजे सोनईत, एका पत्र्याच्या खोलीत, सगळं जुनं दही जसंच्या तसं लागलेलं होतं. अडचण एकच. तो कम्प्युटर सुरू केला की इंटरनेटवरून नवी वही आपोआप ओढून घेतो. ती हुशारी मीच त्यात घातली होती.

सोनईच्या केंद्रचालकाला फोन लावला. मी त्यांना दादा म्हणते.

"दादा, कम्प्युटर चालू आहे का?"

"काल सकाळपास्नं नेट न्हवतं, सकाळचं दूध तसंच घेतलं, बंद केला. आता नेट आलंय, गाणी लावाय चालू करतोय."

"नको! नका चालू करू! आधी इंटरनेटची वायर काढा."

"कंची? निळी का पिवळी?"

"निळी."

थोडा वेळ खुडबुड. "काढली. पन ताई, फॅटचं मशीन बंद पडलं."

"ती पिवळी असेल दादा!"

"हितं उजेड न्हाई, समद्या काळ्याच दिसतात." पुन्हा खुडबुड. "घ्या, दोन्ही काढल्या. आता कम्प्युटर नुसता देवासारखा बसलाय."

मी घोडेगावमार्गे एसटीने सोनईला पोचले. वाटभर आठवत होते, मंगळवारी वही पूर्ण उतरवली होती की नुसतं वरवरचं. मी प्रत्येक गोष्ट चारदा तपासणारी बाई. गॅस बंद केला का बघायला बसस्टँडवरून घरी परत गेलेली आहे. पण त्या वाटेवर चारदा तपासायला काहीच नव्हतं.

दादा दारातच उभे होते. बाजूला ती म्हैस, नेहमीच्या खुंट्याला. खुंटा आणि काट्याचा ओटा एकाच फरशीवर; ती अंग झाडते आणि काटा पंधरा ग्रॅमची बातमी देतो. दादांनी तिची जागा बदलायला साफ नकार दिलेला आहे. "तिची जागा हाय ती. काटा नंतर आला."

कम्प्युटर सुरू केला. वही उघडली. पार खाली गेले, माझ्या पहिल्या नोंदीपाशी.

'वजन येतंय. का येतंय माहीत नाही. कुणी हात लावू नका.'

आपलंच लिहिलेलं बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

दादा खांद्यावरून वाचत होते. "हे काय, रोजनिशी हाय का?"

"नाही दादा. हेच सॉफ्टवेअर आहे."

"मंग आमाला हेच का न्हाई दाखवत? ते इंग्रजी लाल-निळं कशाला? आन् आमच्या शेजारच्या गावात देवाच्या भरवशावर दाराला कुलूप न्हाई, तुमच्या ह्याला येवढे ठसे-बिसे लागतात!"

जुनं परत चढवायलाही तोच शब्द लागतो. फोर्स. रविवारी तो एका झटक्यात लिहिला होता. सोमवारी पाचही अक्षरं एकेक करून, तपासून तपासून लिहिली. फोनचं इंटरनेट जोडलं आणि जुनी वही, जुन्या झेंड्या, सगळं होतं तिथे परत रोवलं. मग त्याच्यावर एक नवी नोंद टाकली. यावेळी मराठीतच: 'रविवारी मी जुन्या नोंदी बदलून जबरदस्तीने वर चढवल्या होत्या. ते चुकलं. जुन्या नोंदी जशाच्या तशा परत ठेवल्या आहेत. रविवार ते सोमवार दुपारपर्यंत ज्यांनी पॅकेज घेतलं त्यांनी ते टाकून द्यावं आणि परत घ्यावं. वजनाच्या हिशेबात काही बदललेलं नव्हतं. कारण: लाज वाटली.' खाली माझं पूर्ण नाव. जुनी झेंडी मात्र हलवली नाही. या नोंदीला नव्या नंबरची नवी झेंडी लावली. मधवाल्या बाबालाही तेच कळवलं, मोडक्या इंग्रजीत. त्याने उत्तरात फक्त अंगठा पाठवला. आमच्या धंद्यात अंगठा फार मोठी गोष्ट आहे.

"आता देवळाली," मी दादांना म्हटलं. "एसटी मिळेल का?"

"एसटीनं गेल्या तर दूध नासंल. बसा गाडीवर."

राहुरीमार्गे उसाच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत आम्ही देवळालीला पोचलो तेव्हा संघाच्या ओट्यावर चार-दोन किटल्या येऊन थांबल्या होत्या. खोली खरंच भरलेली. बाजी भिंतीपाशी बसलेल्या. माझ्याकडे बघितलं नाही. डबा पुढे सरकवला. "खा आधी. मग बोलते." मी खाल्लं नाही, खाल्लं असतं तर नगरला पहिल्यांदा आले होते तसंच झालं असतं.

भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं, चिकटवलेल्या कागदावर बोट ठेवलं. बाजींनी जुन्याच झेंडीचं पॅकेज नव्याने उतरवलं आणि त्याचा ठसा स्क्रीनवर आला. चौसष्ट अक्षरं.

"वाचा."

"तीन. डी. नऊ. नऊ. ए..."

बोट पुढे सरकत होतं. बत्तीसच्या आसपास एक म्हातारे म्हणाले, "लई लांब हाय की." भाऊसाहेबांनी नुसतं वर पाहिलं. ते गप्प झाले. मी नखं खात होते. साठ. एकसष्ट. "सात. एफ. शून्य."

बोट कागदाच्या कडेला येऊन थांबलं.

"जुळलं," भाऊसाहेब म्हणाले. मग खोलीला उद्देशून, जाहीर निकाल दिल्यासारखं, "जुळलं हाय."

पण तलाठी तो तलाठीच. "आता रेकॉर्ड." आणि मी जे टाळायला सगळा घोळ घातला होता तेच झालं. चष्मा नाकावर घेऊन ते मोठ्याने वाचायला लागले. 'वजन येतंय, का येतंय माहीत नाही' ला खोली हसली. 'हात लावला, वजन गेलं' ला जास्त हसली. 'बाजी रागावल्या, बरोबरच आहे' ला बाजीसुद्धा ओढणीआड हसल्या.

मागून एका शेतकऱ्याने हात वर केला. "हसू नका. मला एक सांगा. तुमचं मशीन तीन डाव वजन घेतं आन् दोन टाकून देतं. मी बघितलंय. ते दोन आकडे जातात कुठं?"

खोली एकदम थंड झाली. खरा प्रश्न हा होता. भेसळ वगैरे नंतरचं. रविवारच्या माझ्या वहीत याचं उत्तर 'स्थिरता वाढवली' एवढंच होतं. ते वाचून मीच माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

भाऊसाहेबांनी पान पुढे नेलं आणि वाचलं, "'सोनईला पंधरा ग्रॅम कुठून येतात देव जाणे. म्हैस हलली असेल. आता तीन वेळा वजन घेऊन मधलं धरायचं. सगळ्यात जास्त नाही, सगळ्यात कमी नाही, मधलं.'"

"कुनाची म्हैस?" शेतकऱ्याने विचारलं.

"माझी," दारातून आवाज आला. दादा. "लई हलती. चला दाखवतो."

यावर खोली जी फुटली ती आवरेना. पण मघाचा शेतकरी हसला नाही. मान हलवत म्हणाला, "मधलं धरत्यात व्हय. मंग ठीक हाय." आणि खाली बसला. त्याच्या बसण्याने बाजींचा श्वास सुटलेला मला ऐकू आला.

बाजी आता माझ्याशी बोलल्या. हळू, पण दात आवळून. "सकाळी चहाबरोबर लोक पेपर वाचतात. मी तुझ्या नोंदी वाचते. इतकी वर्षं. त्या पुसायच्या आधी मला विचारावंसं नाही वाटलं?"

आभार मानायचे तर इंग्रजीत येत नाहीत म्हणते मी, पण त्या वेळी मराठीतही आले नाहीत.

"हं ताई, या," भाऊसाहेबांनी रजिस्टर माझ्यापुढे फिरवलं. त्यांनी स्वतः पट्टीने रकाने आखले होते. नाव. गाव. शिक्षण. काय केलं. कारण. सही. मी नाव लिहिलं. गाव लिहिलं. शिक्षणाच्या रकान्यात पेन आपोआप चालला आणि लिहून गेला, 'दहावी पास.'

स्वतःच्या हातावर माझा विश्वास बसेना. एवढं सगळं होऊन! पेन आडवा करून खोडायला गेले तर मनगटावर दोन बोटं आली.

"अंहं," भाऊसाहेब म्हणाले. "कंस."

मी 'दहावी पास' ला दोन्ही बाजूंनी कंस केला. शेजारी लिहिलं, 'नववी.' खाली लहान सही, तारीख. त्यांनी बोटाने पुढचा रकाना दाखवला. कारण. मी लिहिलं, 'घाबरले होते.' त्यांनी वाचलं, समाधानाने मान डोलावली आणि रजिस्टर मिटलं.

बाहेर तोवर पहिली किटली काट्यावर चढली होती, आणि दादा कुणाला तरी समजावत होते, ह्या ओट्यापाशी म्हैस बांधू नका म्हनून.